पावडर कोटिंगमध्ये पॉलिमर किती? इन्फ्रारेडने मोजण्याची रीत, पायरीपायरीने

पावडर कोटिंग म्हणजे कोरडी पावडर फवारून, भट्टीत वितळवून दिलेला रंगाचा थर. एकाच शेडच्या, एकाच चमकेच्या दोन पावडरी घ्या. ६० मायक्रॉन जाडीचा थर द्यायचा, फवारणीत वाया जाणारा माल हिशेबात धरायचा नाही. पहिल्या पावडरीचा एक किलो ११.१ चौरस मीटर झाकतो, दुसरीचा ९.८. हा फरक घनतेतून येतो. पहिलीची घनता १.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, दुसरीची १.७. बेरियम सल्फेटची घनता ४.४ च्या आसपास असते, पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनची १.२ च्या आसपास. त्यामुळे फिलर (बेरियम सल्फेटसारखी भर म्हणून घातलेली खनिज पूड) वाढला की किलोमागचं क्षेत्रफळ घटतं, आणि फार वाढला तर वितळलेली पावडर पसरत नाही, चमक उतरते, थर ठिसूळ होतो. नुसत्या घनतेवरून मात्र पॉलिमरची टक्केवारी सांगता येत नाही, कारण टायटॅनियम डायऑक्साइड, बराइट (म्हणजे बेरियम सल्फेट) आणि कॅल्साइट (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) यांच्या घनता वेगवेगळ्या आहेत आणि मिश्रण काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

एफटीआयआर यंत्र (नमुन्याने कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला ते स्पेक्ट्रम नावाच्या आलेखात दाखवणारं) बहुतेक कोटिंग प्रयोगशाळांमध्ये असतं, पण त्याचा वापर ‘हे पॉलिएस्टर आहे की इपॉक्सी’ एवढं ओळखण्यापुरताच होतो. त्याच यंत्रातून टक्केवारीही काढता येते. फक्त एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी: यंत्राला टक्के दिसत नाहीत, रासायनिक बंध दिसतात. पीक (त्या आलेखातलं शोषणाचं टोक) किती उंच आला हे कळतं, पण किती पदार्थातून तो आला हे कळत नाही. म्हणून पॉलिमरच्या पीकला कशाने तरी भागावं लागतं. कशाने भागायचं हा निर्णय चुकला की पुढची सगळी अचूकता वाया जाते. या लेखाचा मोठा भाग त्या एका निर्णयाभोवतीच आहे.

मोजायचं काय, ते आधी लिहून ठेवा

‘पॉलिमर’ म्हणताना बहुतेकांना बाइंडर अभिप्रेत असतो, म्हणजे रेझिन आणि हार्डनर (रेझिनशी जोडला जाऊन थर कडक करणारा पदार्थ) मिळून. बाहेरच्या वापराच्या पॉलिएस्टर पावडरीत रेझिन आणि टीजीआयसी (एक हार्डनर) यांचं प्रमाण साधारण ९३ ला ७ असतं, हायड्रॉक्सीअल्किल अमाइड हार्डनर असेल तर साधारण ९५ ला ५. हायब्रिडमध्ये पॉलिएस्टर आणि इपॉक्सी ५०:५०, ६०:४० किंवा ७०:३० असे असतात. शिवाय एखादा टक्का पॉलिअ‍ॅक्रिलेटचा फ्लो एजंट, थोडंसं बेन्झोइन, कधी मेण. हे सगळं सेंद्रिय आहे, पण बाइंडर नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण राखेच्या चाचणीत जळून गेलेलं सगळं ‘पॉलिमर’ म्हणून मोजलं जातं, तर इन्फ्रारेडमध्ये फक्त निवडलेला बंध मोजला जातो. दोन पद्धतींत एक-दोन टक्क्यांचा फरक आला, तर बऱ्याचदा तो व्याख्येतला फरक असतो. अहवालाच्या पहिल्याच ओळीत ‘रेझिन अधिक हार्डनर, वजनी टक्के’ असं लिहून टाका.

स्पेक्ट्रममध्ये कुठे काय बसतं

इथले सगळे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर या एककात आहेत.

पॉलिएस्टरचा सर्वात ठळक पीक १७२० च्या आसपास येतो, एस्टरच्या कार्बोनिलचा. त्याच्या सोबतीला १२६० आणि ११०० च्या आसपासचे कार्बन-ऑक्सिजन बंधांचे रुंद पीक आणि ७३० जवळचा अ‍ॅरोमॅटिक पीक असतो. बिसफिनॉल-ए प्रकारच्या इपॉक्सीची खूण म्हणजे १५१० चा टोकदार पीक, जोडीला १६०७, १२४५, ११८० आणि ८३०. इपॉक्साइड वलयाचा ९१५ चा पीक क्युअरिंगमध्ये (भट्टीत थर पक्का होताना) संपत जातो, त्यामुळे क्युअर तपासायला तो चांगला, पण प्रमाण मोजायला निरुपयोगी.

फिलरकडे पाहू. बेरियम सल्फेटचा १०७० ते १२०० मधला रुंद डोंगर पॉलिएस्टरच्या पीकांत मिसळतो, पण ९८३ चा बारीक टोकदार पीक आणि ६३५, ६१० ची जोडी कामाची असते. कॅल्शियम कार्बोनेटचा १४२० चा पीक रुंद आहे, ८७५ आणि ७१२ चे अरुंद आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड ८०० च्या खाली एक लांबलचक उतार तयार करतो. त्याला मोजता येईल असा सुटा पीक नाही, आणि सल्फेटच्या ६३५-६१० ची जोडीही तो गिळून टाकतो.

कार्बोनेट असलेल्या पॉलिएस्टर पावडरीत ८७५ हा पीक निवडण्याचा मोह होतो. पण टेरेफ्थॅलेट रेझिनचा स्वतःचा एक छोटा पीक ८७३ जवळच असतो. फिलर शून्य असला तरी तिथं काहीतरी दिसणारच. म्हणून कुठलाही पीक निवडण्याआधी त्याच रेझिनच्या, रंगद्रव्य नसलेल्या क्लिअर पावडरीचा स्पेक्ट्रम घ्या आणि आपल्या जागी खरोखर सपाट रेषा आहे का, ते डोळ्यांनी पाहा.

नमुन्यात कोणता फिलर आहे हेच माहीत नसेल, तर थोडी पावडर क्रुसिबलमध्ये ४५० ते ५०० अंश सेल्सियसला जाळा आणि उरलेली राख थेट एटीआरच्या (नमुना स्फटिकावर दाबून त्याचा पृष्ठभाग मोजणाऱ्या जोडणीच्या) हिऱ्यावर ठेवा. रेझिनचा गोंधळ निघून गेलेला असतो, सल्फेट आहे की कार्बोनेट ते लगेच कळतं. हे काम सगळ्यात आधी करावं असा माझा आग्रह असतो. पुढची पद्धत कोणती घ्यायची, हे त्यावरच ठरतं.

भागायचं कशाने: दोन वाटा

पहिली वाट म्हणजे पॉलिमरच्या पीकला नमुन्यातल्याच फिलरच्या पीकने भागणं. ही झटपट होते आणि एटीआरवर करता येते. पण ती एकाच गोष्टीचं उत्तर देते: पॉलिमर आणि तो एक फिलर यांचं गुणोत्तर. पावडरीत टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण बदललं, तर या गुणोत्तराला त्याचा पत्ताही लागत नाही आणि टक्केवारी चुकते. रंगद्रव्याचं प्रमाण कायम आहे हे माहीत असलेल्या, एकाच फॉर्म्युलेशनच्या बॅच तपासायला ती योग्य.

दुसरी वाट म्हणजे आपण स्वतः मोजून घातलेल्या परक्या पदार्थाच्या पीकने भागणं. याला अंतर्गत प्रमाणक म्हणतात. यात नमुन्यात इतर काय काय आहे याचा जवळजवळ काहीच संबंध राहत नाही. अनोळखी पावडर असेल, पांढरीत नुसता टायटॅनियम डायऑक्साइड असेल, दोन-तीन फिलर असतील, तर हीच वाट धरा. वेळ जास्त लागतो, पण आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

मी दुसऱ्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचं कॅलिब्रेशन (माहीत प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेली मोजमापाची रेषा) तपासायलाही तिचाच उपयोग होतो.

अंतर्गत प्रमाणकाची पद्धत

प्रमाणक म्हणून पोटॅशियम थायोसायनेट घ्या. त्याचा पीक २०५० ते २१३० च्या पट्ट्यात येतो आणि पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी पावडरीचं त्या भागात काहीच नसतं. पोटॅशियमचंच क्षार असल्यामुळे पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर (इन्फ्रारेडला पारदर्शक क्षार, ज्यात नमुना घोटून गोळी दाबायची आहे) घोटताना धातूच्या आयनांची अदलाबदल होऊन नवा क्षार तयार होण्याचा प्रश्न येत नाही. त्याची एकच खोड म्हणजे ते हवेतला ओलावा भराभर ओढतं. वाळवून, बंद बाटलीत, डेसिकेटरमध्येच ठेवा आणि आम्लांपासून दूर ठेवा.

*पहिली पायरी: साठ्याचं मिश्रण.* स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाचं पोटॅशियम ब्रोमाइड ११० अंशाला काही तास वाळवा. १० ग्रॅम ब्रोमाइडला २० मिलिग्रॅम थायोसायनेट, म्हणजे ०.२ टक्के. हे एकदम ओतून घोटू नका. आधी थायोसायनेट अंदाजे २०० मिलिग्रॅम ब्रोमाइडबरोबर अ‍ॅगेटच्या खलात घोटा, मग त्यात एक ग्रॅम घाला, मग उरलेलं. असं वाढवत गेलं तरच २० मिलिग्रॅम १० ग्रॅममध्ये सारखं पसरतं. सगळं कॅलिब्रेशन आणि सगळे नमुने याच एका साठ्यातून करायचे. साठा संपून नवा केला की कॅलिब्रेशनही नवं.

*दुसरी पायरी: नमुना दळणं.* कोटिंग पावडरीच्या कणांचा सरासरी आकार बहुधा ३० ते ५० मायक्रॉन असतो. इन्फ्रारेडसाठी हे दगडगोटेच आहेत. कण तरंगलांबीपेक्षा मोठे असले की प्रकाश विखुरतो, बेसलाइन (पीकखालची पायारेषा) तिरकी होते आणि मोठे पीक चपटे होतात. कण दोन-अडीच मायक्रॉनपर्यंत खाली आणायला हवेत. अडचण अशी की या रेझिनांचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर रेझिन मऊ पडू लागतं) साधारण ५० ते ७० अंश असतं आणि घोटताना उष्णता होते. पावडर मऊ पडली की ती खलाला चिकटते, बारीक होत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गार करून बॉल मिलमध्ये दळणं सर्वात चांगलं. दळून झाल्यावर डबी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या, नाहीतर हवेतलं पाणी थंड पावडरीवर उतरेल. बॉल मिल नसेल तर थोड्या साठ्याच्या मिश्रणासोबत, थोडं घोटून थोडं थांबून, असं काम करा. ब्रोमाइडचे कठीण कणही दळायला मदत करतात.

*तिसरी पायरी: वजन.* या पद्धतीत सर्वाधिक चुका इथं होतात. नेहमीच्या सवयीने लोक एका गोळीपुरतं एक-दीड मिलिग्रॅम नमुना तोलतात. तराजू ०.१ मिलिग्रॅम चुकला तरी दीड मिलिग्रॅमवर ती जवळपास ७ टक्क्यांची चूक होते. त्याऐवजी २ ग्रॅम साठ्याच्या मिश्रणात १२ मिलिग्रॅम पावडर घाला, शक्यतो ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर, आणि नीट घोटून एकजीव करा. मग त्यातून अंदाजे २०० मिलिग्रॅमच्या चार-पाच गोळ्या बनवा. गोळीचं वजन काटेकोर असण्याची गरजच उरत नाही. गोळी जाड झाली तर पॉलिमरचा पीक वाढतो, तसा थायोसायनेटचाही त्याच प्रमाणात वाढतो. भागाकार तोच राहतो.

*चौथी पायरी: गोळी.* १३ मिलिमीटरचा साचा, निर्वात पंप लावून, ८ ते १० टन दाब, दोनेक मिनिटं. गोळी काचेसारखी पारदर्शक व्हायलाच हवी असं नाही. पांढऱ्या पावडरीत टायटॅनियम डायऑक्साइडमुळे ती थोडी दुधाळ राहते. पण ठिपके दिसत असतील तर मिश्रण एकजीव झालेलं नाही. ती गोळी मोडा आणि पुन्हा घोटा.

*पाचवी पायरी: स्पेक्ट्रम.* विभेदन ४, स्कॅन ३२ किंवा ६४, कक्षा ४००० ते ४००. यंत्र त्याआधी पॉलिस्टायरीनच्या फिल्मने तपासून घ्या. तिचे पीक १६०१, १०२८ आणि ९०७ च्या जागी यायला हवेत. पाण्याच्या वाफेच्या बारीक रेषा १३०० ते १९०० मध्ये येतात, म्हणजे नेमक्या आपल्या कार्बोनिलच्या अंगावर. त्यामुळे यंत्रात कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडलेला असावा आणि बॅकग्राउंड नमुन्याच्या लगेच आधी घ्यावा. कार्बोनिलच्या पीकचं शोषण ०.२ ते ०.८ मध्ये राहिलं तर उत्तम. एकच्या बराच वर गेला तर पीकचा माथा खरा राहत नाही, मग नमुना कमी करून मिश्रण पुन्हा करा. वाचन नेहमी शोषणाच्या मापात घ्या, पारगम्यतेच्या टक्क्यांत घेऊ नका. प्रमाणाशी सरळ नातं शोषणाचंच असतं.

*सहावी पायरी: बेसलाइन.* कार्बोनिलसाठी बेसलाइनची दोन टोकं ठरवून टाका, उदाहरणार्थ १८५० आणि १६५०. कार्बोनेटचा एक दुबळा पीक १७९५ जवळ असतो, म्हणून वरचं टोक तिथं ठेवू नका. बेन्झोइनचा कार्बोनिल १६८० जवळ आणि अमाइड हार्डनरचा १६२० जवळ येतो, तेव्हा खालचं टोक आपल्या क्लिअर पावडरीचा स्पेक्ट्रम पाहून निवडा. उंची घ्यायची की क्षेत्रफळ? माझा कल क्षेत्रफळाकडे आहे, कारण कण थोडे मोठे राहिले तर उंची आधी मार खाते. मात्र शेजारी दुसरा पीक चिकटलेला असेल तर उंची जास्त सुरक्षित. काहीही निवडा, पण एकदा निवडलं की प्रत्येक नमुन्याला तेच. ‘ऑटो बेसलाइन’चं बटण बंद ठेवा. ते प्रत्येक स्पेक्ट्रमला वेगळी टोकं निवडतं.

*सातवी पायरी: कॅलिब्रेशन.* इथे प्रमाणित नमुना म्हणून लागतो फक्त शुद्ध बाइंडर. त्याच रेझिन-हार्डनरची, रंगद्रव्य आणि फिलर नसलेली क्लिअर पावडर मिळाली तर काम झालं. एक्स्ट्रूडरवर (घटक वितळवून एकजीव करणाऱ्या यंत्रावर) वेगवेगळ्या टक्केवारीच्या पावडरी बनवाव्या लागत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा फायदा. साठ्याच्या मिश्रणाच्या एका ग्रॅममागे बाइंडर २, ३, ४, ५ आणि ६ मिलिग्रॅम असे पाच संच करा, प्रत्येकाच्या तीन गोळ्या. आडव्या अक्षावर मिलिग्रॅम, उभ्या अक्षावर कार्बोनिल भागिले थायोसायनेट. सरळ रेषा यायला हवी आणि ती शून्याच्या अगदी जवळून जायला हवी. वर टोकाला रेषा वाकत असेल तर शोषण फार झालं आहे किंवा दळण कमी पडलं आहे.

*आठवी पायरी: हिशेब.* समजा रेषेचं समीकरण निघालं: गुणोत्तर बरोबर ०.२१ गुणिले मिलिग्रॅम, अधिक ०.०१. अनोळखी पावडर १२.० मिलिग्रॅम, साठ्याचं मिश्रण २.००० ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे ६.०० मिलिग्रॅम पावडर. चार गोळ्यांचं सरासरी गुणोत्तर ०.८२९ आलं. ०.८२९ मधून ०.०१ वजा करून ०.२१ ने भागा: ३.९० मिलिग्रॅम बाइंडर. ३.९० भागिले ६.०० म्हणजे ६५ टक्के. चार गोळ्यांतला फरक एका टक्क्यापेक्षा जास्त असेल तर मी आधी घोटण्याकडे संशयाने पाहतो, यंत्राकडे नंतर.

रेझिन बदललं तर रेषा बदलते

कार्बोनिलचा पीक पॉलिमरचं वजन मोजत नाही, एस्टर गटांची संख्या मोजतो. निओपेंटिल ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक आम्ल यांच्या साखळीत दोन एस्टर गटांमागे २३४ ग्रॅम वजन असतं. ग्लायकॉल एथिलीन असेल तर तेवढ्याच गटांमागे १९२ ग्रॅम. म्हणजे दोन्ही ‘पॉलिएस्टर’च, पण ग्रॅममागे कार्बोनिल दुसऱ्यात जवळपास २२ टक्के जास्त. पावडरीसाठीची रेझिनं बहुधा निओपेंटिल ग्लायकॉलवर आधारलेली असली तरी त्यांच्यातही इतर ग्लायकॉल आणि आम्लं मिसळलेली असतात. एका ग्रेडची रेषा दुसऱ्या ग्रेडला लावली तर आकडा सुबक येईल आणि चुकीचा असेल. टीजीआयसीचा स्वतःचा कार्बोनिलही १६९० च्या बाजूला येऊन याच पीकच्या कुशीत बसतो. म्हणून कॅलिब्रेशनची क्लिअर पावडर हार्डनरसह हवी, नुसतं रेझिन चालणार नाही.

एटीआर: झटपट, पण अटींसह

एटीआरवर प्रकाश नमुन्यात फार खोल जात नाही. हिऱ्याचा स्फटिक, ४५ अंशांचा कोन आणि १.५ अपवर्तनांकाचा नमुना धरला तर १७२० ला खोली सुमारे १.२ मायक्रॉन भरते, ९८३ ला सुमारे २. म्हणजे एका वाचनात जेमतेम काही मायक्रोग्रॅम पदार्थ तपासला जातो. कोरडी पावडर तशीच दाबली तर ४० मायक्रॉनच्या कणांच्या कडा स्फटिकाला टेकतात, मधे हवा राहते आणि आकडे दाबाप्रमाणे नाचतात. रेझिन आणि फिलर नुसते कोरडे मिसळून केलेलं कॅलिब्रेशन तर टाळाच. मऊ रेझिन स्फटिकाला चिकटून बसतं, कठीण फिलर दूर राहतो आणि पॉलिमर भरपूर असल्याचा भास होतो.

उपाय म्हणजे पावडर वितळवून पातळ फिल्म करणं. टेफ्लॉनच्या दोन शीटमध्ये थोडी पावडर ठेवून ११० ते १२० अंशाच्या गरम प्रेसमध्ये काही सेकंद दाबा आणि लगेच गार करा. या तापमानाला एवढ्या वेळात क्युअरिंग फारसं होत नाही, एक्स्ट्रूडरमध्येही पावडर साधारण याच तापमानातून गेलेली असते. फिल्मचे तुकडे करून दोन्ही बाजूंना मिळून आठ-दहा ठिकाणी वाचन घ्या आणि सरासरी काढा.

आता गुणोत्तराचा एक सापळा. कार्बोनिल भागिले फिलर हे गुणोत्तर पॉलिमरच्या टक्केवारीसमोर मांडलं तर रेषा येत नाही, वर वळत जाणारा वक्र येतो. पॉलिमर ५० टक्के असेल तर पॉलिमर-फिलर वजनांचं गुणोत्तर १, ६० टक्क्यांना १.५, ७० ला २.३३, ८० ला थेट ४. म्हणून आडव्या अक्षावर टक्केवारी घेऊ नका, वजनांचं गुणोत्तर घ्या. तिथं सरळ रेषा मिळते, टक्केवारीचं रूपांतर शेवटी करा. कार्बोनेटसाठी ८७५ वापरत असाल तर आधी सांगितलेला रेझिनचा ८७३ चा वाटा वजा करावा लागेल. क्लिअर फिल्मवर ८७३ आणि १७२० यांचं प्रमाण मोजा, नमुन्याच्या १७२० ला त्या प्रमाणाने गुणा आणि आलेली संख्या ८७५ मधून काढून टाका.

हे कॅलिब्रेशन स्फटिकाला, फिलरच्या ग्रेडला आणि रेझिनच्या ग्रेडला बांधलेलं असतं. हिऱ्यावरची रेषा जर्मेनियमवर चालत नाही, बारीक बराइटची रेषा जाड्या बराइटवर चालत नाही. कॅलिब्रेशनच्या पावडरीही एक्स्ट्रूडरमधून गेलेल्याच हव्यात.

हायब्रिड पावडर

इथं एक पीक पुरत नाही. पॉलिएस्टरसाठी १७२० आणि इपॉक्सीसाठी १५१० घ्या. अंतर्गत प्रमाणकाच्या पद्धतीत दोन्ही रेझिनांच्या दोन वेगळ्या रेषा काढा आणि बेरीज करा. पीक एकमेकांत फार घुसत असतील किंवा फिलर अनेक असतील तर पीएलएससारखी बहुचल पद्धत (स्पेक्ट्रमचा मोठा भाग एकदम वापरून अनेक घटक मोजणारं गणित) वापरता येते. एएसटीएम ई१६५५ हे मानक त्याविषयीच आहे. पण तिला बरेच नमुने लागतात, आणि प्रत्येकात घटकांची प्रमाणं एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदललेली हवीत. रेझिन वाढवलं की फिलर कमी, असे एकाच ओळीतले दहा नमुने दिलेत तर मॉडेल फिलर पाहून रेझिनचा अंदाज बांधायला शिकेल आणि फिलर बदलताच फसेल.

भट्टीतून निघालेला थर

पॅनेलवरचा थर थेट एटीआरखाली ठेवला तर पॉलिमर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. वितळताना वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये रेझिन आणि फ्लो एजंट जमा होतात, फिलर खाली राहतो. थर खरवडून काढा, गार करून दळा आणि ब्रोमाइडच्या गोळीने मोजा. एस्टरचा कार्बोनिल क्युअरिंगनंतरही टिकतो. काप्रोलॅक्टमने ब्लॉक केलेला आयसोसायनेट हार्डनर असेल तर भट्टीत काप्रोलॅक्टम उडून जातं, अमाइड हार्डनरमधून पाणी निघतं. त्यामुळे पावडरीचा आणि थराचा आकडा तंतोतंत एक असणार नाही. आयएसओ ८१३०-७ मध्ये भट्टीतली वजनघट मोजण्याची रीत आहे. ती घट म्हणजे पॉलिमर नव्हे, पण या दोन आकड्यांची सांगड घालायला ती उपयोगी पडते.

काळ्या पावडरीत कार्बन ब्लॅकमुळे हिऱ्यावरचे पीक विकृत होतात. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ असल्याने तिथं ते बरेच सुधारतात.

राखेने पडताळा

इन्फ्रारेडचा आकडा एकट्यावर सोडू नका. एक ग्रॅम पावडर वजन स्थिर होईपर्यंत ४५० ते ५०० अंशाला जाळा. ०.३५२ ग्रॅम राख उरली तर ६४.८ टक्के जळलं. वरच्या उदाहरणातल्या ६५ शी हे जुळतं.

पण राख काय सांगते आणि काय लपवते हे माहीत हवं. भट्टी ८०० च्या वर गेली तर कॅल्शियम कार्बोनेट आपल्या वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतं. पावडरीत ३० टक्के कार्बोनेट असेल तर एवढ्यानेच पॉलिमर १३ टक्क्यांनी फुगलेलं दिसेल. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तर त्याच्या खूप आधी पाणी सोडतं, वजनाच्या ३४.६ टक्के. कार्बन ब्लॅक आणि सेंद्रिय रंगद्रव्यं जळून पॉलिमरच्या खात्यात जमा होतात. थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवत असतानाच वजन मोजणारं यंत्र) असेल तर नुसत्या नायट्रोजनमध्ये थांबू नका. टेरेफ्थॅलेट रेझिन तिथं कोळसा मागे ठेवतं, तो जाळायला शेवटी हवा सोडावी लागते.

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर फरकाची दिशा पाहा. राखेवरून काढलेलं पॉलिमर जास्त असेल तर कार्बोनेट, हायड्रॉक्साइड किंवा सेंद्रिय रंगद्रव्य शोधा. राखेचा एटीआर स्पेक्ट्रम तुमच्याकडे आधीच आहे, तो पुन्हा काढून पाहा. इन्फ्रारेडचा आकडा जास्त असेल तर कॅलिब्रेशनचं रेझिन आणि नमुन्यातलं रेझिन एकच आहे का, ते तपासा. दोन्ही रेझिनांच्या क्लिअर फिल्मचे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून १२०० ते १००० हा भाग बघितला तर ग्लायकॉल आणि आम्लांमधला फरक तिथं बऱ्याचदा पकडला जातो. रेझिन वेगळं निघालं तर जुनी रेषा बाजूला ठेवा आणि सातव्या पायरीपासून नव्याने सुरुवात करा.